एका नावाचे दोन पट्टे

३ मार्च, सोमवार

बिश्केकहून वेराचं पत्र आलं. नोकरी देतायत मला! गेली चार वर्षं जी सॉफ्टवेअरची लायब्ररी मी फुकट सांभाळते तीच सांभाळायची, पण पगारावर, स्वतःच्या टेबलाशी, दिवसभर. अट एकच, पहिले सहा महिने त्यांच्या ऑफिसात बसायचं. उत्तर तीस एप्रिलच्या आत हवंय.

वेराची कंपनी लसींच्या फ्रिजवर लक्ष ठेवते. फ्रिज गावोगावच्या दवाखान्यांत, त्यांची माहिती जाते परदेशातल्या एका क्लाउड सेवेकडे, आणि त्या सेवेशी बोलायला त्यांचे प्रोग्रामर माझी लायब्ररी, ‘केरेगे’, वापरतात. युर्तच्या, आमच्या गोल तंबूच्या, भिंतीच्या लाकडी जाळीचं नाव आहे ते, मीच ठेवलं. फंक्शनल प्रोग्रामिंगच्या भाषेत त्या सेवेशी बोलणारी धड अशी ही एकच. नॉर्वेतले मासेवाले ती वापरतात, ब्राझीलमधले कॉफीवाले वापरतात आणि काही अडलं की मला पत्र लिहितात. त्यांना वाटतं माझ्यामागे मोठं ऑफिस असणार. माझ्यामागे एक गाय आहे. मी गोठ्यावरच्या गवताच्या माळ्यावर बसलेय, कारण या घरात रेंज फक्त इथे येते.

सिर्गाकला पत्र दाखवलं. खूश झाला बिचारा.

“मग विचारशील घरात?”

“विचारतो की. घोड्या व्याल्या की विचारतो.”

मी ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिते ती आळशी म्हणून प्रसिद्ध आहे. अगदी गरज पडेपर्यंत ती कुठलंच काम हातात घेत नाही. पण गरज पडली की घेते तरी! नवऱ्याबद्दल तेवढंही सांगता येत नाही. तो घरातला धाकटा. धाकट्याने आईबापांजवळ राहायचं आणि धाकट्याच्या बायकोने चहा ओतायचा. लग्न मी मर्जीने केलं हे कबूल, पण या चहाबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं.

५ मार्च

पाचला उठले. दूध, चूल, भाकऱ्या, चहा, पाहुणे, चहा, दूध. केरेगेला अकरा मिनिटं मिळाली. नॉर्वेवाल्यांना ‘पाहते’ एवढंच कळवलं.

११ मार्च

आज सासूबाई शिडी चढून माळ्यावर आल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी उंबरा ओलांडताना कण्हतात, पण माझ्यावर पाळत ठेवायला गुडघे बरे होतात.

“काय करतेस गं इथे तासन् तास?”

मी मुद्दाम सगळं सविस्तर सांगितलं, कंटाळून जातील म्हणून. म्हटलं, “आपा, आपल्या गावातल्या साठ कळपांच्या पुढारी घोड्यांच्या गळ्यात पट्टे आहेत ना? प्रत्येक पट्टा आपण कुठे आहोत ते क्लाउडला सांगतो. क्लाउडकडून ते माझी लायब्ररी विचारून घेते आणि फोनच्या नकाशावर दाखवते. माझ्या भाषेत काय काय बिघडू शकतं ते आधीच लिहावं लागतं. एक जरी विसरलं तर लिहिलेलं तपासणारा कंपायलर पुढे जाऊच देत नाही. म्हणून जे पुढे गेलं ते बरोबरच असतं.”

“आणि पट्टा कोणाचा ते कसं कळतं?”

“नावावरून. मालकाच्या नावाने नोंदवतो.”

“आणि दोघांचं नाव एकच असलं तर?”

“एका नावाचा एकच पट्टा असतो आपा. तसं मी लिहूनच ठेवलंय.”

“आपल्या गावात एका नावाची सात-सात माणसं आहेत.”

“म्हणून तर वडिलांचं नावही लावतो.”

हं, म्हणाल्या. आणि मग भलतंच, “त्या बिश्केकच्या ऑफिसात बायका किती आहेत?” म्हणजे सिर्गाकने आईच्या कानावर घातलं, वडिलांच्या नाही! मी म्हटलं बऱ्याच आहेत. परत हं म्हणाल्या आणि उतरल्या. नाक खुपसायचं तरी किती?

नावावरून आठवलं. सासऱ्यांचं नाव आम्ही सुना घेत नाही. माझ्या आईच्या गावी ही चाल कधीच गेली, इथे मात्र सगळ्या सुना पाळतात. मीही पाळते, कारण तीन वर्षांत जीभ तशी वळून गेली. आताके म्हणून हाक मारते आणि मागे बोलताना अक्साकाल म्हणते, पांढऱ्या दाढीचा वडीलधारा. आता या वहीतसुद्धा त्यांचं नाव लिहायला हात उचलत नाही. त्यांच्या घोड्याचा पट्टाही मी ‘अक्साकाल’ याच नावाने नोंदवलाय. कंपायलरला काय फरक पडतो!

२१ मार्च, नवरोज

बावीस पाहुणे. सगळ्यांसमोर सासूबाई म्हणाल्या, “माझ्या सुनेचा चहा बघा. धुणं धुतलेलं पाणी बरं. हिला काय ठेवून घेतलंय आम्ही कळत नाही.” बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, “मग पाठवून दे परत.” सासूबाई म्हणाल्या, “तोच विचार करतेय.” अक्साकाल कपातल्या चहाकडे बघत बसले.

भांडी घासताना रडले. तीन वर्षं चहा करतेय या घरात. चहा चांगला होता. मी स्वतः प्याले होते.

२ एप्रिल

अक्साकालच्या घोड्याच्या पायाला लागलंय म्हणून तो नदीकाठच्या तबेल्यातच असतो. घोड्या मात्र वरच्या उतारावर चरायला जातात, बहुतेक सगळ्या गाभण. अक्साकालनी आणखी एक पट्टा आणवला. तो बसवायचं काम जिपारचं. जिपार माझी थोरली जाऊ, समोरच्या घरात राहते. गावातले सगळे पट्टे तीच बसवते आणि फोनवरून नोंदवते, हे मीच तिला शिकवलं. संध्याकाळी सहज म्हणाली, “पट्टा घातला गं म्हाताऱ्या घोडीला.” मी समजले, घोड्याचा काढून घोडीला घातला. मी कणीक मळत होते. पुढे काही विचारलं नाही.

सिर्गाक अजून ‘विचारतो’ वरच आहे. चार घोड्या व्याल्या, नऊ उरल्या. मी घोड्यांची बाळंतपणं मोजत बसलेय.

७ एप्रिल

नकाशा आज जरा दचकत होता. अक्साकालची खूण मिनिटभर इथे, मिनिटभर तिथे. वरच्या अंगाला रेंज वाईट आहे. पूर्वी अशा वेळी सेवेकडून सूचनांचा नुसता पाऊस पडायचा, ‘जुनं कनेक्शन तोडलं, नवं घेतलं’, ‘तोडलं, घेतलं’. चौथ्या आवृत्तीत मी त्या गाळूनच टाकल्या. पट्टा पुन्हा जोडला गेला ना, मग झालं. सगळे म्हणाले केरेगे किती शांत झाली.

वेराने विचारलंय, ठरलं का? लिहिलं, ठरतंय.

९ एप्रिल, बुधवार

सकाळपासून बर्फ. दुपारपर्यंत कुंपण दिसेनासं झालं. अक्साकालची पाठ धरलीये, ते गादीवर पडून होते. त्यांनी मला बोलावलं.

“पोरी, बघ गं. घोड्या परतल्या का?”

फोन उघडला. ‘अक्साकाल’ च्या पुढे तबेला. हिरवी खूण, जोडणी ठीक. म्हटलं, “परतल्या आताके. तबेल्यात आहेत.”

“नक्की?”

“नक्की.”

सिर्गाक बूट चढवून दाराशी उभा होता. त्याने बूट काढले. मी त्याला चहा दिला.

१० एप्रिल

तबेल्यात एकटा घोडा होता.

घोड्या दरीत सापडल्या. चार मेल्या, त्यांतली एक व्यालेली, शिंगरू तिच्या पोटाशी. म्हातारी घोडी वाचली, पट्टा गळ्यात तसाच. सिर्गाक आणि त्याचा भाऊ दिवसभर बर्फ उपसत होते. अक्साकाल पाठ धरून तिथवर चालत गेले. कोणाचं ऐकलं नाही. मला ‘नक्की?’ एवढंच ऐकू येतंय दिवसभर.

१२ एप्रिल

सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

पट्टे दोन होते. घोड्याचा जिपारने काढलाच नव्हता. घोडीचा तिने नवा नोंदवला, आणि तीही सूनच! तिलाही नाव टाकता येईना. तिनेही टाकलं ‘अक्साकाल’.

क्लाउडच्या दृष्टीने हे एकच यंत्र. दुसरा आला की पहिल्याला बाहेर काढायचं, पहिला परत आला की दुसऱ्याला. आठवडाभर दोन पट्टे एकमेकांना ढकलत होते आणि सेवा दर मिनिटाला मला सांगत होती, तोडलं, घेतलं, तोडलं, घेतलं. ते ऐकायची सोयच मी काढून टाकली होती. वादळात घोडीच्या पट्ट्याची रेंज गेली आणि तबेल्यातला एकटा बोलत राहिला. जोडणी ठीक, हिरवी खूण.

काय काय बिघडू शकतं ते सगळं मी लिहिलं होतं. एका नावाचे दोन पट्टे हे त्यात नव्हतं, कारण मी ठरवलं होतं की ते होऊच शकत नाही. कंपायलरने मान डोलावली. तो बिचारा काय, मी सांगेन ते खरं धरतो.

१३ एप्रिल

अक्साकालनी जिपारला दाराबाहेर उभं केलं. “पट्टा कुणी बसवला? हिने! या बाईच्या हातात परत फोन दिसता कामा नये.” जिपार खाली मान घालून उभी होती. तिला वाटतंय खरंच तिनेच काही चुकीचं बटण दाबलं. संध्याकाळी मला म्हणाली, “तू शिकवलं होतंस गं नीट. माझंच डोकं नाही.”

मी गप्प बसले. हे लिहिताना लाज वाटतेय, पण लिहिते. मी बोलले तर बिश्केक संपलं. ज्या सुनेने चार घोड्या मारल्या तिला कोण पाठवेल शहरात? आणि सतरा दिवस उरलेत. सतरा दिवस गप्प बसायचं, एवढंच.

१४ एप्रिल

जिपारचं दूध नासलं, तर त्याबद्दलही बोलणी तिलाच. दूध कुणाचंही नासतं.

केरेगे उघडली आणि बंद केली. एक ओळ सुचली नाही. या माळ्यावर, या घरात, या गावात, सगळीकडे मी त्याच जागी बसलेय असं वाटतं. इतके दिवस मला वाटायचं हे लोक मला जाऊ देत नाहीत. आता दाराला कडी मीच घालून बसलेय, आतून.

१५ एप्रिल, मंगळवार

सांगितलं.

सकाळचा चहा चालला होता. अक्साकाल, सासूबाई, सिर्गाक होते. जिपार दूध द्यायला आली होती. कप हातात घेऊनच बोलले, खाली ठेवला असता तर बोलले नसते.

“आताके, जिपारचं चुकलेलं नाही. माझं चुकलंय.”

सगळं सांगितलं. दोन पट्टे, एक नाव, मी गाळलेल्या सूचना. सिर्गाक मधेच “अगं, अगं” करत होता. अक्साकालनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग विचारलं, “पण दोघींनी एकच नाव कशाला दिलं? नाव मालकाचं द्यायचं ना? माझं नाव का नाही घातलं?”

जिपारने माझ्याकडे पाहिलं. मी जिपारकडे.

“आम्हाला तुमचं नाव घेता येत नाही, आताके.”

अक्साकालनी कप खाली ठेवला. नाव घेतलं असतं तर त्यांनीच आम्हाला हाकललं असतं. सासूबाईंच्या घशात चहा अडकला, खूप वेळ ठसकत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या ठसक्याने. मग एकदम कडाडल्या, “मी म्हटलं होतं की नाही? ही पोरगी घरात ठेवण्यासारखी नाही!”

झालं. जिपार सुटली. मी बुडाले.

१६ एप्रिल

अक्साकाल स्वतः माळ्याखाली आले आणि फोन पुढे केला. “कुठे लिहायचं?”

मी जागा दाखवली. एका बोटाने, चष्मा वर-खाली करत, त्यांनी आपलं नाव लिहिलं, मग वडिलांचं, मग पुढे ‘घोडा’. दुसऱ्या पट्ट्याला तसंच आणि पुढे ‘घोडी’. दहा मिनिटं लागली. एक अक्षर चुकलं तर मला म्हणाले, “पुस ते.” मी पुसलं. त्यांनी परत लिहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारभर बसून नवी आवृत्ती केली. आता दुसरा पट्टा त्याच नावाने आला की केरेगे बोंब मारते. सोबत खुली चिठ्ठी लिहिली, चूक माझी होती, कशी होती, कोणाकोणाकडे अशीच लपलेली असू शकते. नॉर्वेहून तासाभरात उत्तर आलं, त्यांच्याकडे माशांच्या दोन पिंजऱ्यांचं तेच झालं होतं, दोन महिने. मासे वाचले म्हणे.

वेरालाही सगळं कळवलं. आता ती पत्र मागे घेईल.

१८ एप्रिल

वेराने पत्र मागे घेतलेलं नाही. तिने लिहिलंय, ‘अशी चिठ्ठी लिहिणारं माणूस फ्रिजच्या कामाला हवंच.’ काय उपयोग. इथलं दार तर लागलं.

१९ एप्रिल, शनिवार

सासूबाईंनी गावातले तीन वडीलधारे बोलावले. मी चहा ओतत होते आणि माझ्यासमोर माझा निवाडा चालला होता.

सासूबाई म्हणाल्या, “चार घोड्या गेल्या. हिला असंच ठेवून घेतलं तर लोक म्हणतील या घरात काही विचारपूस नाही. शिक्षा झाली पाहिजे.”

“म्हणजे माहेरी पाठवायची?” एकाने विचारलं.

“माहेरी कशाला? तिथे आई लाड करेल. बिश्केकला पाठवा. तिथे कुठेतरी नोकरी लागतेय म्हणे, राबू दे सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घरची ऊब नाही, काही नाही. सहा महिने. मग अक्कल येईल.”

वडीलधाऱ्यांनी माना हलवल्या. अक्साकाल दाढीवरून हात फिरवत बायकोकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “शिक्षाच असेल तर माझी हरकत नाही.”

“आणि सिर्गाक?” मी न राहवून विचारलं.

“घोड्या व्याल्या की तो येईल मागोमाग. एकटीला सोडली तर तिथेही काही मारशील,” सासूबाई म्हणाल्या.

मग पाहुण्यांकडे वळून सासूबाईंनी आपली जुनी कथा लावली. लग्नानंतर बिश्केकला गणित शिकायला गेल्या होत्या, तेव्हा त्या शहराला फ्रुंझे म्हणायचे. दोन महिने झाले नाहीत तर सासू अखेरच्या घटका मोजतेय म्हणून तार आली. सगळं टाकून परत आल्या. “आणि सासू त्यानंतर एकतीस वर्षं जगली,” म्हणाल्या. सगळे हसले. मला तो टोमणा कळला. सून असावी तर अशी, तारेसरशी धावत येणारी. नाहीतर ही.

जायचं होतंच मला, पण असं नाही. मान खाली घालून, शिक्षा म्हणून, सगळ्या गावाला सांगून. नोकरी मी मिळवली होती!

२३ एप्रिल

वेराला ‘येते’ असं कळवलं. फार काही वाटलं नाही.

जिपार आता फोन घेऊन परत पट्टे नोंदवते. मला म्हणाली, “आपा तुझी पिशवी भरतायत गं. स्वतः.” भरणारच. माझं या घरात काही मागे राहू नये म्हणून.

२८ एप्रिल, सोमवार, बिश्केक

पोचले. वेराने खोली शोधून दिलीये, चौथ्या मजल्यावर. रेंज सगळीकडे येते, पलंगावरसुद्धा. उद्या नऊला ऑफिस.

सकाळचं लिहून टाकते, नाहीतर डोक्यात घोळत राहील. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. शेजारीपाजारी जमले होते. अक्साकालनी तळवे उघडून आशीर्वाद दिला, नेहमीपेक्षा बराच लांब. सिर्गाक रडला. त्याला रडायला कधी उशीर होत नाही. सासूबाई कठड्यापाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “न्या एकदाची! चहाला तरी चव येईल!”

गाडी सुरू झाली तेव्हा त्या काचेपाशी आल्या. मी काच खाली केली. म्हटलं, शेवटचं काहीतरी बरं बोलतील. माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट, आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ऐक. कोणीही बोलावलं तरी यायचं नाही. मी आजारी आहे असा निरोप आला तरी नाही. मी मरायला टेकलेय म्हणाले तरी नाही. कळलं?”

सात तासांच्या वाटेत मला दुसरं काही सुचलं नाही. एवढा द्वेष! मरतानासुद्धा माझं तोंड दिसू नये त्यांना. तीन वर्षं त्यांचे पाय चेपले मी.

मी ‘बरं’ म्हटलं. आणि मी एका शब्दाची आहे. नाही जाणार.